‘बरं हाय’ आणि शून्य

ये गं, अशी जवळ ये. दारातूनच काय बोलतेस? चप्पल पायात, फोन हातात आणि तोंडानं ‘कशा आहात काकी?’ हे काय विचारणं झालं? असं विचारलं की माणूस ‘बरं हाय’ म्हणून मोकळं होतं आणि विचारणारा पुढच्या दारात. बस आधी. पंखा लावते. तू वाचणारी कोण, कुठली, मला ठाऊक नाही. पण तुझीही आई कुठंतरी असेल आणि तिलाही तू असंच उभ्या उभ्या विचारत असशील, म्हणून दटावते. राग मानू नकोस. रागवायचं खरं तर मला माझ्यावर आहे.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढचं वाचायला शिकले ते ट्रकांच्या पाठींवरून, पोत्यांवरच्या छापावरून आणि लेकीच्या पुस्तकांतून. लिहायला तर साठी उलटल्यावर बसले. त्यामुळे बोलते तसंच लिहिते. कुणी हसलं तर हसू दे.

आमचं घर भिवंडीजवळ, काल्हेरच्या बाजूला. लग्न होऊन आले तेव्हा दारापुढं भाताची खाचरं होती, पलीकडं खाडी. आता दारापुढं गोडाऊन आणि पलीकडंही गोडाऊन. आमच्या खाचरावरही दोन उभी राहिली. वाईट वाटलं का विचारशील, तर नाही वाटलं. चिखलात कमरेपर्यंत उभं राहून लावणी करून बघ, मग विचार.

पण जमीन काही विसरत नाही. वर कितीही भराव टाका, मुरूम टाका, खाली ती खाचराचीच माती. पावसाळ्यात मोठ्या रस्त्यापासून गोडाऊनच्या शटरपर्यंतचा आमचा रस्ता वरून दिसायला घट्ट आणि आतून लोण्यासारखा. एकदा भरलेला ट्रक रुतला की दोन दिवस क्रेनची वाट. म्हणून आमचे हे हातात पहार घेऊन प्रत्येक ट्रकच्या पुढं चालायचे. चार पावलं चालायचं, पहार रोवायची, टाच दाबायची, पुन्हा चार पावलं. ड्रायव्हर वरून ओरडायचा, “चाचा, आने दूँ क्या? आगे तो सब पक्का है!”

हे म्हणायचे, “आगे पक्का है. पीछे शटर के पास नरम है. तेरे को रुकना किधर है? पक्के पे?”

“अरे चाचा, थोडा तो है!”

“थोडे में ही जाता है टायर. न्हाय. नहीं बोला ना.”

ड्रायव्हर शिव्या घालायचा, मालवाला फोन करायचा, हे आपले पहार टेकून उभे. एकदा ‘न्हाय’ म्हटलं की न्हाय. आमची लेक तेव्हा सात-आठ वर्षांची. ती यांच्या मागून अनवाणी चालायची आणि त्यांनी टाच दाबली तिथं आपलीही दाबून बघायची. एकुलती एक. मुलगा नाही म्हणून माझी नणंद मला कायम टोचायची. हे मात्र लेकीला ‘बाय’ म्हणायचे आणि ट्रकवाल्यांना सांगायचे, “हमारी इंजिनेर है.”

इंजिनेर नाही झाली, पण शिकली. कॅनडाला गेली आणि तिथल्या एका विमानतळावर कामाला लागली. काम काय, तर विमान जिथं उतरतं आणि उडतं ती धावपट्टी हिवाळ्यात तपासायची. नणंदेनं गावभर सांगितलं की पोरगी तिकडं विमानाचा रस्ता झाडते. “एवढं शिकून झाडूच धरायचा होता तर हितं काय कमी कचरा हाय?” असं माझ्या तोंडावर म्हणाली. मी हसले. मलाही नीट कळलेलं नव्हतं, खरं सांगते.

मग एका मे महिन्यात ती सुट्टीला आली तेव्हा हे तिला घेऊन ओट्यावर बसले. “हां, सांग बाय. तुझा रस्ता कसा बघतेस?”

ती म्हणाली, “बाबा, पट्टीचे तीन भाग धरायचे. सुरुवातीचा, मधला, शेवटचा. गाडी घेऊन जायचं, उतरायचं, बघायचं, मोजायचं. बर्फ कोरडा हाय का ओला, का पाणचट, का नुसती काच. किती जाड. चार आण्यांपेक्षा, म्हणजे पाव भागापेक्षा, जास्त जागा झाकली असेल तर धरायचाच. मग प्रत्येक भागाला एक आकडा द्यायचा. सहा म्हणजे खडखडीत कोरडा. शून्य म्हणजे कुणी चाक टेकवायचं न्हाय.”

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, “आणि तिन्हीची बेरीज करायची का?”

ती केवढ्यानं हसली! “न्हाय गो आये! बेरीज न्हाय, सरासरी न्हाय. पहिले दोन भाग कितीबी चांगले असू दे, तिसरा वाईट तर वाईट म्हणून वेगळा सांगायचा. विमान सरासरीवर थांबत न्हाय.”

“आणि चुकलं तर?”

“उतरलेला पायलट सांगतो ना, ब्रेक कसा लागला. तो वाईट बोलला की माझा आकडा लगेच खाली. वर न्यायचा असेल तर मात्र दहा वेळा तपासून.”

हे इतके खूष झाले की काय सांगू. “म्हणजे आपलाच रस्ता,” म्हणाले. “शटरजवळचा नरम.” दोघं बापलेक हसत बसले. मी भाकऱ्या थापत होते. मला वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे?

दोन वर्षांनी यांच्या छातीत पाणी झालं.

पावसाळा संपताना दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग ओट्यापर्यंत जाताना, मग नुसतं बोलताना. ठाण्याला नेलं. पाणी काढलं, पुन्हा भरलं. औषधं बदलली. डिसेंबरात डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. बाई होत्या, मराठीच होत्या. म्हणाल्या, “आता जास्त लांबणार नाही. लेकीला बोलावून घ्या.” कागदावरही लिहून दिलं, वर तारीख घातली. मी कागद फाईलमध्ये ठेवला, फाईल कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

का लावलं? बसले की तेच मनात येतं. हिवाळा म्हणजे तिच्या कामाचा मोसम, त्यात सुट्टी मागितली तर वर काय बोलतील. नोकरी नुकती पक्की झालेली. आणि माझी सवय. आमच्या सगळ्या बायकांची सवय म्हण. सासू आजारी पडली तेव्हा माहेरच्यांना ‘बरं हाय’. पोटातलं मूल गेलं तेव्हा नवऱ्याला ‘बरं हाय’. ताप असो, भांडण असो, घरात दाणा नसो, विचारलं की ‘बरं हाय’. हे आपण शहाणपणाचं समजतो. समोरच्याला त्रास नको म्हणून म्हणतो, असं आपणच आपल्याला सांगतो.

रोज संध्याकाळी, इथं देवापुढं दिवा लावायची वेळ आणि तिकडं तिची सकाळ, तिचा फोन यायचा.

“आये, बाबा कसे हायत?”

“बरं हाय.”

“बरं म्हणजे काय? खाणं कसं, झोप कशी, चालणं कसं? येगळंयेगळं सांग.”

आता बघ, पोरगी किती नीट विचारत होती. आणि मी काय सांगायची? त्या दिवशी दोन चमचे पेज पोटात गेली असेल तर “आज पेज खाल्ली हो” एवढंच सांगायची. झोप नाही, बसल्या बसल्या रात्र काढतात, संडासला दोघांनी धरून न्यावं लागतं, हे गिळायची. तिनं फोनवर तोंड दाखव म्हटलं तर मी यांच्या पाठीला उशी लावून, केस विंचरून, शाल गळ्यापर्यंत ओढून फोन धरायची, तोही लांबून. हेही बिचारे हसायचे. लेक दिसली की हसायचेच.

असे आठ दिवस काढले मी. पूर्ण आठ.

याहून वाईट सांगू? मी यांनाही फसवलं. हे रोज विचारायचे, “बाय कवा येते गो?” तिला मी बोलावलंच नव्हतं, ती येणार कुठून? मी म्हटलं, “येनार हाय हो. पन तिकडं लय बरफ पडतोय. विमानं बंद हायत.” तिकडं तेव्हा लख्ख ऊन पडत होतं. तिनंच सांगितलं होतं मला, आये, आठवडाभर आभाळ मोकळं हाय.

यांनी डोळे मिटले आणि दम घेत घेत म्हणाले, “मग नको... नको येऊ दे. नरम रस्त्यावर... घाई करू नये. तिलाच कळतं त्यातलं.”

माझं खोटं त्या माणसानं असं मानानं घेतलं. त्याच्या लेकीच्या कामाचा मान म्हणून घेतलं. मी तिथून उठले आणि कपडे वाळत घालायला गेले. आभाळ इथंही मोकळंच होतं.

नवव्या दिवशी यांचे ओठ निळे दिसायला लागले तेव्हा घाबरून मी खरं सांगितलं. सगळं नाही. ‘कालपासून एकदम बिघडलं’ असं सांगितलं. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं. पहाटेची ड्युटी तेवढी करणार आणि तिथूनच निघणार, बॅग बरोबर नेणार.

आणि तिकडं आभाळ फिरलं. बर्फ नव्हे, पाऊस. पण असा पाऊस की जमिनीला लागला की काच. मला हे तिनंच सांगितलं, पुढं. त्या दिवशी विमानतळावर तेवढी एकच पट्टी चालू होती. ती गाडी घेऊन गेली. पहिल्या भागावर बर्फ वितळवायचं औषध मारलेलं, त्याला तिनं तीन दिले. मधल्या भागावर बर्फाचा पापुद्रा, त्याला एक. शेवटच्या भागावरही बर्फच दिसत होता. तिच्याबरोबर तिच्या वरचा एक बुवा होता, त्याला तिची बॅग माहीत होती, बापाचं माहीत होतं. तो म्हणाला, “मधल्यासारखाच दिसतोय की. एकच लिहायचा का? बघ, तू ठरव.” एकावर एखादं विमान कदाचित निघालं असतं. शून्यावर कुणीच निघत नाही.

ती पुन्हा खाली उतरली. हातमोजा काढला आणि बर्फावर बोट फिरवलं. बोट ओलं झालं. बर्फाच्या वर पाण्याचा पातळ थर होता, आणि तसं असलं की चाक धरतच नाही म्हणे. तिनं शून्य लिहिलं.

पट्टी बंद झाली. तिचं विमान रद्द झालं. पट्टी पुन्हा उघडेपर्यंत विमानांची रांग लागलेली, त्यात नाताळची गर्दी. तिला जागा मिळाली ती दोन दिवसांनंतरची.

तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती. “आये, मीच बंद केली. माझ्याच हातानं.”

अशा वेळी आई काय म्हणते? मी म्हणाले, “एक लिवला असतास तर काय झालं असतं गो?”

ती हळू म्हणाली, “त्या विमानात दोनशे मान्सं व्हती, आये.” आणि फोन ठेवला.

ती तिकडं विमानात बसली त्या दिवशी दुपारी हे गेले. शेवटी ‘बाय आली का’ वगैरे काही विचारलं नाही. पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि मान कलली. माझा हात यांच्या पाठीखाली होता. किती हलकी पाठ! पहार मारून मारून रुंद झालेली पाठ ती.

आता जे सांगते ते मी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. पुतण्या धावत आला, म्हणाला, “काकी, भिवंडीवरून बर्फाची पेटी मागवतो. ताई उद्या सकाळी पोचते. तवर ठेवू.” नणंदसुद्धा म्हणाली, “ठेवा रे, पोरीला तोंड दिसू दे.” माझी नणंद, जिनं आयुष्यभर माझ्या पोरीला नावं ठेवली, ती म्हणाली. आणि मी म्हटलं, नको. म्हटलं, “यांना बरफात ठेवलेलं मला बघवनार न्हाय. आजच उरका.” सगळ्यांना वाटलं, बाईचं काळीज फाटलंय, ऐकावं तिचं.

ते कारण नव्हतं. यांचं शरीर असं झालं होतं की हाड न् हाड दिसत होतं. आणि माझी लेक मिलीमीटर मोजणारी. तिनं एकदा बघितलं असतं की तिला कळलं असतं, ही एका दिवसाची झीज नव्हे. ‘कालपासून बिघडलं’ हे खोटं आहे हे तिनं यांच्या गालांवरून वाचलं असतं. म्हणून मी उरकायला लावलं. दिवस मावळायच्या आत खाडीकाठी नेलं. पुतण्यानं अग्नी दिला.

ती सकाळी आली. दारात उभी राहिली. खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती. तिनं खाटेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “एक दिवस, आये?” बस, एवढंच.

दहाव्याला सगळे जमले तेव्हा नणंदेनं तोंड सोडलं. आकड्याचं तिला माझ्याकडूनच कळलेलं. पेटी मी नाकारली हे ती विसरली की तिला तो विषयच नको होता, कोण जाणे. “सख्ख्या बापासाठी एक आकडा वर लिवता न्हाय आला? परक्यांचा जीव वाचवला आनि बापाच्या तोंडात पानी घालायला न्हाय!” अंगणात पंचवीस-तीस माणसं. कुणी मान हलवली, कुणी चुकचुकलं. एक म्हातारा म्हणाला, “शिक्शान. दुसरं काय.” लेक खांबाला टेकून उभी होती. तिनं आत्याकडं बघितलंच नाही. ती माझ्याकडं बघत होती. मी तांदूळ निवडत होते. तसा तो निवडलेलाच होता. मी पुन्हा निवडत बसले.

तेरावं झालं आणि ती गेली. जाताना वाकून नमस्कार केला. “काळजी घे” म्हणाली, “येते” म्हणाली नाही. आमच्यात ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. तिनं दोन्ही म्हटलं नाही.

मग फोन यायचे, पण रोजचे नाही. “कशी हायस?” “बरं हाय.” “औषध?” “घेते.” येतेस का विचारलं की सुट्टी नाही.

वर्षश्राद्धाला पुन्हा सगळे जमले. नणंद पानावर बसली आणि तिनं पुन्हा सुरू केलं. आली न्हाय ना, वर्ष झालं बापाला, तरी आली न्हाय, काळीज बरफाचं झालंय पोरीचं. माझ्या हातात वरणाचं पातेलं होतं. मी ते खाली ठेवलं. कुठून बळ आलं म्हणशील, तर बळबिळ काही नाही, दमले होते. खोटं धरून ठेवायला हात लागतो गं, आणि माझा हात दमला होता.

मी म्हटलं, “वन्सं, तिला बोलू नका. डॉक्टरांनी मला आठ दिस आधी सांगितलं व्हतं. मी तिला कळवलं न्हाय. आभाळ मोकळं व्हतं तवा मी तिला ‘बरं हाय’ सांगत व्हते. आनि पेटी मी नको म्हनाले ती यांच्यासाठी न्हाय. तिला कळू नये म्हनून.”

नणंदेचा घास हातातच राहिला. “आनि वरीसभर तू तिला आमच्या तोंडी दिलीस?”

“दिली.”

“आये आये!” एवढंच म्हणाली. पान अर्धं टाकून उठली. जाताना उंबऱ्यावरून मागं वळून म्हणाली, “मी वाईट हाय, समद्यांना ठावं हाय. पन तू तर आई व्हतीस.” तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. खोटं कशाला बोलू, मला तिचा रागही येत नाही.

संध्याकाळी मीच फोन लावला. लेक ड्युटीवर निघत होती, गाडीचा आवाज येत होता. मी पंगतीत म्हटलं ते सगळं तिला म्हटलं. आठ दिवस, कागद, बापाला सांगितलेला खोटा बर्फ, पेटी. मधे थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा बोलले नसते.

तिनं गाडी बंद केली असावी, आवाज थांबला.

“फाईल मी तवाच बघितली व्हती, आये,” ती म्हणाली. “अकराव्या दिवशी. चावी तुझ्या पदराला नव्हती, देवघरात व्हती. कागदावर तारीख व्हती.”

माझा हात पदराच्या गाठीकडं गेला.

“मी रोज वाट बघितली. तेराव्यापरयंत. वाटलं, तू बोलशील. आत्यासमोर नको, मला एकटीला तरी बोलशील. निघताना गाडीत बसले तवाबी काच खाली ठेवली व्हती.”

काच खाली होती. मला आठवतंय. मला वाटलं उकडतंय म्हणून.

“मग आता सांगून काय, आये?” ती म्हणाली. चिडून नाही, नुसतीच म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं. मी रडले तर तिनं रडू दिलं. मग म्हणाली, “ड्युटी हाय. ठेवते.”

त्यालाही आता चार महिने झाले. फोन येतो. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. माझं बोलणं ऐकते आणि गप्प राहते. विश्वास कसा ठेवणार माझ्या शब्दावर? तिच्या जागी मी असते तर मीही ठेवला नसता. म्हणून हे लिहायला घेतलं. छापलं जाईल तेव्हा भाऊबंद वाचतील, नणंद वाचून घेईल कुणाकडून तरी, आणि तिच्यावर पुन्हा कुणी तोंड टाकणार नाही. तेवढं तरी माझ्या हातून होऊ दे.

बाय, इथली तुझी शाळेतली मैत्रीण तुला हे पाठवीलच. माफ कर म्हणत नाही. तो शब्द मला लिहिताही येत नाही. पण ये. हिवाळ्यात तुला सुट्टी नसते, मला ठाऊक आहे. मेमध्ये ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, खाडीवर जाऊन यांच्यापाशी बस, मी घरीच थांबेन. आत्याकडं उतरलीस तरी चालेल. पण लवकर ये गो.